पासपोर्ट दाखवायचा असतो, द्यायचा नसतो

माझा फोटो नारायणगावच्या चौकात लागलाय, हे मला चुलतभावाच्या फोनवरून कळलं. "अगं, तुझा फ्लेक्स लागलाय! इलेक्शनला उभी राह्यलीस का काय?" तो हसत होता. पाठोपाठ त्यानं फ्लेक्सचा फोटो पाठवला. पदवीदानाच्या दिवशीचा काळा झगा घातलेली मी, आणि मागे कुणीतरी चिकटवलेला लंडनचा पूल. वर लिहिलं होतं, 'परदेशी शिक्षणाच्या संधी : मोफत मार्गदर्शन'. माझ्या हनुवटीखाली पिवळ्या अक्षरांत होतं, 'आमची यशस्वी विद्यार्थिनी'.

फोटो माझ्या फेसबुकवरून उचललेला होता आणि मला कुणी विचारलं नव्हतं. पण खरा चटका बसला तो 'आमची' या शब्दाचा.

दोन दिवसांनी फोन आला. मंचरला खतांच्या दुकानावर ज्यांचं ऑफिस आहे आणि आठ वर्षांपूर्वी ज्यांनी मला परदेशी पाठवलं, ते सल्लागार बोलत होते. सगळे त्यांना सरच म्हणतात. "ताई, आधी सांगायचं राहून गेलं बघा. मंगल कार्यालयात मेळावा ठेवलाय, कार्यालय भरणार आहे. दहा मिनिटं बोला. फक्त पॉझिटिव्ह बोला. पालक लई घाबरलेले असतात."

मी नाही म्हणाले. मी पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी करते आणि आठवड्यातले तीन दिवस निमगाव साव्याला घरूनच काम करते. रजा मिळणार नाही, असं सांगून टाकलं. पण फोन आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ऐकला होता. जेवता जेवता ते म्हणाले, "जा की. चार पोरांचं भलं व्हईल. मी पन येतो." माझा फ्लेक्स बघायला ते आदल्या दिवशीच नारायणगावला जाऊन आले होते, हे मला नंतर आईनं सांगितलं. म्हणून मी गेले. तिथं काय बोलायचं ते मात्र मी ठरवलं नव्हतं.

आमच्या घरात इंजिनीअर झालेली मी पहिली. आजोबा दिवाळीनंतर मेंढरांचा कळप घेऊन कोकणात उतरायचे ते पावसाच्या तोंडाला परतायचे. आबांनी कळप कमी केला, विहीर पाडली आणि कांदा लावला. आता हौसेपुरती पंधरा-वीस मेंढरं दारात आहेत. मी अवसरी खुर्दच्या सरकारी कॉलेजात होस्टेलवर राहून शिकले. शेवटच्या वर्षी मास्टर्सचं डोक्यात आलं तेव्हा विचारायला जवळ दुसरं कुणी नव्हतं. वर्गातल्या एका मैत्रिणीबरोबर मंचरला त्या खतांच्या दुकानाचा जिना चढले.

सरांनी अर्ज भरून दिले, हे मी नाकारत नाही. ते काम त्यांना येत होतं. निघायच्या आधी मात्र त्यांनी आम्हा सहा-सात जणांना बसवून एक छापील कागद दिला आणि तो वाचून दाखवला. प्रेशर कुकर न्या. तूरडाळ न्या, मसाले न्या, लोणच्याची बरणी चेक-इन बॅगेत ठेवा. पितळी देव नेऊ नका, स्कॅनिंगला अडवतात. आणि शेवटी, चष्मा काढून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "सगळ्यात महत्त्वाचं. तिकडं आपल्या माणसांत राहा. गोऱ्यांचा, काळ्यांचा भरवसा नाय. तुमच्या राहायची सोय मी आपल्या मराठी घरातच करतो. घरच्यासारखं राहायचं. कॉलेज वीस मिनिटांवर."

पोरीची राहायची सोय मराठी घरात, हे ऐकून आबांचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला, खोटं का बोलू.

ते घर लंडनच्या उत्तर टोकाला होतं. कॉलेज तिथून वीस मिनिटांवर असेल, विमानानं गेलं तर. मला एक बस, दोन गाड्या आणि पाऊण मैल चाल मिळून पावणेदोन तास लागायचे. पण हे दुसऱ्या आठवड्यात कळलं. पहिल्या संध्याकाळी घरधनी दारातच म्हणाले, "पासपोर्ट देऊन ठेव हं. इथला कायदा आहे, भाडेकरूचा पासपोर्ट तपासावा लागतो." छान शुद्ध मराठी होतं. मी दिला. त्यांनी तो उघडूनही पाहिला नाही. दिवाणखान्यातल्या कपाटाच्या खणात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.

बाईंनी चहा दिला. गाव विचारलं, आडनाव विचारलं. मग म्हणाल्या, "घरी काय करतात?"

"शेती आहे. आणि मेंढरं."

"मेंढरं म्हणजे? तुम्ही स्वतः पाळता?"

मी मोकळेपणानं आजोबांचं सांगितलं, घाट उतरून जाणाऱ्या कळपाचं, वाटेतल्या मुक्कामांचं. मला वाटलं परदेशात राहणाऱ्या माणसांना गावाकडचं ऐकायला आवडेल. त्या म्हणाल्या, "हो का," आणि कप उचलून आत गेल्या.

आईनं मला घोंगडी दिली होती, आमच्याच मेंढरांच्या लोकरीची. सरांच्या कागदात ती नव्हती, पण आई कागदावर चालणारी नव्हे. चौथ्या दिवशी कॉलेजातून आले तर पलंगावर घोंगडी नाही. शोधत शोधत मागच्या दारी गेले. कचऱ्याच्या डब्यांशेजारी काळ्या पिशवीत कोंबलेली होती आणि पिशवीचं तोंड उघडं राहिल्यानं पावसानं भिजून जड झाली होती. मी ती तशीच उचलून आत आणली. बाई स्वयंपाकघरात होत्या. म्हणाल्या, "अगं, वास येत होता खोलीभर. तुम्हाला सवय असते, आम्हाला नाही."

त्या 'तुम्हाला'मध्ये मान नव्हता, अनेकवचन होतं. माझ्या आईला, आबांना, आजोबांना, सगळ्यांना एकदम उद्देशून होतं ते. गावाकडं मला हे कुणी कधी ऐकवलं नव्हतं असं नाही. कॉलेजातही एखाद-दुसऱ्यानं ऐकवलं होतं. पण मी तेव्हा उलटून बोलले होते. इथं माझा पासपोर्ट कपाटात होता, म्हणून गप्प बसले. आजही लिहिताना माझे कान तापतात ते बाईंच्या बोलण्यानं कमी आणि माझ्या त्या गप्प बसण्यानं जास्त.

मग 'घरच्यासारखं'चा अर्थ हळूहळू उलगडत गेला. घरच्यासारखं म्हणजे रविवारी बाथरूम घासायची. घरच्यासारखं म्हणजे त्यांच्या धाकट्या मुलीला शाळेतून आणायचं, त्यासाठी माझा शेवटचा तास बुडाला तरी चालेल. स्वयंपाकघर मात्र घरच्यासारखं नाही, तिथं माझा एकच कप्पा, आणि मटणाचं नावही काढायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात मी सांगितलं, मला दुसरीकडं राहायचंय. घरधनी शांतपणे म्हणाले, "तीन महिन्यांचं ठरलंय. तेव्हा पासपोर्ट घे आणि जा." मी चार वेळा मागितला. चारही वेळा हेच उत्तर.

मंचरला फोन लावला. सर म्हणाले, "ताई, ॲडजस्ट करा जरा. परक्या मुलखात शेवटी आपलीच माणसं उपयोगी पडतात. आणि घरी काय सांगू नका, आबांना बीपी आहे ना?" आबांना बीपी आहे हे त्यांना अर्ज भरताना मीच सांगितलं होतं. माझी माहिती त्यांनी माझ्याच तोंडावर हात ठेवायला वापरली. त्या घरातून त्यांना दर मुलीमागं काहीतरी मिळत होतं, हे मला पुढं त्याच घरात आधी राहून गेलेल्या एका मुलीकडून समजलं.

सात आठवडे मी असे काढले. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी नायजेरियाची एक मुलगी बसायची. ठसठशीत आवाजाची, वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी. सरांच्या सल्ल्याप्रमाणं मी तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. एका दुपारी मी टेबलावर डोकं ठेवून झोपले होते, तिनं मला हलवून जागं केलं आणि विचारलं, "तू रोज का झोपतेस? आजारी आहेस का?" मी सांगायला लागले आणि थांबताच येईना. पासपोर्टचं ऐकल्यावर ती उभी राहिली. माझी बॅग स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि मला हाताला धरून तळमजल्यावर घेऊन गेली.

तिथं एक काउंटर होतं. विद्यार्थ्यांना सल्ला द्यायचं, फुकट. त्याच्यासमोरून मी सात आठवडे रोज दोनदा जात होते. काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "त्यांनी पासपोर्ट पाहून परत दिला, की ठेवून घेतला?"

"ठेवून घेतला."

"पाहता येतो. ठेवता येत नाही." त्यांनी माझ्यासमोर घरधन्यांना फोन लावला. आवाज चढवला नाही. मुलगी आज पाच वाजता येईल, तिचा पासपोर्ट तिच्या हातात द्या, नाहीतर आम्ही पोलिसांना कळवू, एवढंच म्हणाल्या. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

पाच वाजता ती नायजेरियन मुलगी माझ्याबरोबर दारात उभी होती. घरधनी हसत बाहेर आले. "अगं, एवढं काय त्यात! मागितला असतास तर दिला नसता का?" त्या हसण्यानं माझं डोकं असं फिरलं की मी मराठीत, माझ्या गावच्या मराठीत, जे तोंडाला येईल ते बोलले. मैत्रिणीला एक शब्द कळला नाही, पण ती मान हलवत राहिली. त्याच संध्याकाळी दोन बॅगा आणि घोंगडी घेऊन मी तिच्या घरी गेले. पुढं कॉलेजच्याच यादीतून आम्हाला खोली मिळाली, आणि ते वर्ष चांगलं गेलं, खरंच चांगलं गेलं.

पण हे मी कुणालाही सांगितलं नाही. घरी पुलावरचे फोटो पाठवले, बर्फातले पाठवले. मंचरच्या ऑफिसात माझ्यानंतर गेलेल्या मुलींनी तेच फोटो पाहिले. त्यांना कुठल्या घरात पाठवलं असेल, हा विचार मी आठ वर्षं बाजूला सारत आले. राग सरांचा येतो तितकाच माझाही येतो.

तर त्या दिवशी कार्यालय भरलं होतं. पुढं पोरं-पोरी, मागं आईवडील. सत्कार झाला, शाल झाली, नारळ झाला. मग सरांनी पडद्यावर कागद दाखवला. तोच कागद! कुकर, डाळ, लोणचं. फक्त अक्षरं रंगीत झाली होती. शेवटी तेच, चष्मा काढून, आवाज खाली आणून, "आपल्या माणसांत राहा." मी माइक हातात घेतला तेव्हा पहिलं वाक्य आपोआप आलं.

"पासपोर्ट दाखवायचा असतो, द्यायचा नसतो. घरमालकाला नाही, दुकानदाराला नाही, आपल्या गावच्या माणसाला तर अजिबात नाही."

मग मी सगळं सांगितलं. घर कुठलं ते नाही, पण खण, किल्ली, काळी पिशवी, सगळं. "खोली न बघता भाडं भरू नका," मी म्हणाले. "पहिले काही महिने कॉलेजच्या होस्टेलवर राहा. महाग वाटलं तरी राहा. बाहेरची खोली घ्यायचीच असेल तर मालकाला व्हिडिओ कॉल करायला लावा, नळ सोडून दाखवा म्हणावं, दार लावून दाखवा म्हणावं, किती जण झोपतात ते विचारा. कॉलेज किती लांब ते मोबाइलच्या नकाशात सकाळी आठची वेळ टाकून बघा, कुणाच्या तोंडचं ऐकू नका. गेल्या गेल्या, काही अडचण नसतानासुद्धा, कॉलेजात सल्ला देणारं काउंटर कुठं आहे ते शोधून तिथल्या माणसाचं तोंड बघून या. तिथल्या डॉक्टरकडं पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवा, ताप आल्यावर नाही. कामाचे तास व्हिसावर ठरलेले असतात. आपलाच एखादा दुकानदार म्हणेल, जास्त कर, कुणाला कळत नाही. कळलं तर घरी तुम्ही येणार, तो नाही."

सरांनी माझ्यासमोर चिठ्ठी सरकवली : वेळ संपली. मी बोलतच राहिले. त्यांनी साउंडवाल्याला खूण केली आणि माइक बंद पडला. आमच्या घरात या माळावरून त्या माळावर हाक मारायची सवय आहे, मला माइक लागत नव्हता. "आणि जो मराठी बोलतो तो आपला, हे डोक्यातून काढा! मला ज्यांनी डांबलं ते मराठी होते. हाताला धरून बाहेर काढणारी नायजेरियाची होती."

"ताई, विषय भरकटतोय," सर उठून म्हणाले.

मागून एक जण उभा राहिला, शर्टाच्या बाह्या दुमडलेला, उन्हानं रापलेला. "बोलू द्या की वो त्यांना! आमच्या पोरी जायच्यात, तुमच्या नाय."

एक आई रडवेली झाली होती. "मंग पोरीला धाडू का नको, ते सांगा."

"धाडा," मी म्हणाले. "मला परत जायला मिळालं तर मी परत जाईन. पण कागदावर कुकर लिहून देणाऱ्याच्या भरवशावर धाडू नका."

एवढं बोलून मी खाली उतरले, आणि तेव्हा कुठं मला दुसऱ्या रांगेत बसलेले आबा दिसले. इस्त्रीचा शर्ट, हातात माझ्या सत्काराचा नारळ. बोलण्याच्या भरात ते तिथं आहेत हे मी विसरले होते. ते माझ्याकडं बघत नव्हते, नारळाकडं बघत होते.

स्कूटरवर ते माझ्या मागं बसले. गावच्या फाट्यावर म्हणाले, "थांब जरा." मी गाडी बाजूला घेतली.

"मला का नाय सांगितलंस?"

"तुम्ही परत बोलावलं असतं, आबा."

"बोलावलं असतंच. लगीच." मग एकदम भडकले, इतके की रस्त्यानं जाणारा ट्रॅक्टरवाला वळून बघायला लागला. "त्या मान्सानं मला फोन केलता! तू तिकडं असताना. म्हनला, पोरगी लई सुखात हाय, आपल्या मान्सात हाय. मी त्याला घरी बोलावून जेवू घातलं. मटान घातलं!" त्यांचे डोळे भरले होते, आणि भरले म्हणून त्यांना आणखी राग येत होता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला. थोड्या वेळानं म्हणाले, "चल. मेंढरं उपाशी असतील." घरी आल्यावर आईला त्यांनीच सगळं सांगितलं. मला तोंड उघडावं लागलं नाही.

रविवारी सकाळी कार्यालयात उभा राहिलेला तो माणूस आमच्या दारात आला. राजुरीचा होता, बरोबर त्याची मुलगी. सप्टेंबरात तिला लंडनलाच जायचं होतं आणि सरांनी तिची सोय 'आपल्या माणसांत' केली होती. मी आधी त्या घराचा पत्ता विचारला. ते घर तेच नव्हतं, एवढीच गोष्ट बरी.

आम्ही ओट्यावर बसून त्या मालकाला व्हिडिओ कॉल लावला. मुलगीच बोलली. "खोली दाखवता का?" त्यानं आधी पुढची बाग दाखवली. मग स्वयंपाकघर दाखवलं. खोली म्हटल्यावर नेटवर्कची कुरकुर सुरू झाली. मुलगी चिवट होती, तिनं तीन वेळा लावला. शेवटी दिसलं ते असं : दिवाणखान्याच्या मधोमध पडदा, अलीकडं टीव्ही, पलीकडं दोन पलंग.

"दार कुठंय?" तिनं विचारलं.

"पडदा आहे ना," तो म्हणाला.

तिनं फोन बंद केला आणि वडिलांकडं बघितलं. वडील म्हणाले, "आपल्या कांद्याच्या चाळीला पन दार हाय."

त्याच दुपारी तिनं आमच्याच ओट्यावर बसून कॉलेजच्या होस्टेलला ईमेल लिहिली. मी शब्द सांगणार होते, पण तिनं लॅपटॉप माझ्यापासून वळवून घेतला. "मीच लिहिते ताई. तिथं तुमी कुठं असणार?" होस्टेल भरलं होतं. प्रतीक्षायादीत नाव लागलं आणि तीन आठवड्यांनी जागा मिळाली.

सरांचा फोन आला तो त्या रविवारनंतरच्या मंगळवारी. त्यांची बदनामी केली म्हणून मला नोटीस पाठवतो म्हणाले. मी म्हटलं, "जरूर पाठवा. उत्तरात त्या घराचा पत्ता लिहीन, आणि तिथं राहून आलेल्या मुलींच्या सह्या घेईन." नोटीस आली नाही. त्यांचं ऑफिस अजून चालू आहे, कार्यक्रमही होतात. मी अवसरीला महिन्यातून एका शनिवारी जाते, कॉलेजबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसते आणि येतील त्या मुलामुलींशी बोलते. कधी नऊ जण येतात, कधी दोन.

राजुरीची मुलगी सप्टेंबरात गेली. तिसऱ्या आठवड्यात तिला ताप आला, डॉक्टरकडं नाव आधीच नोंदवलेलं होतं. त्यानंतर एका दुपारी तिचा फोन आला, आवाज पडलेला. प्रोजेक्टच्या गटातली पोरं काम संपल्यावर पबमध्ये जातात, तिला विचारत नाहीत, आणि खरं काम तिथंच ठरतं. "काय करू, ताई?"

मी तिला खरं ते सांगितलं, की हे मलाही कधी जमलं नव्हतं.

आठवड्याभरानं पुन्हा फोन. ती न विचारता त्यांच्या मागोमाग गेली होती, संत्र्याचा रस मागवून टेबलाशी खुर्ची ओढून बसली होती. "एक जण म्हणाला, आम्हाला वाटलं तुला इथं यायला आवडणार नाही. मी म्हणलं, मला विचारायचं व्हतं ना मग!" ती अजून चिडलेलीच होती. प्रोजेक्टचा मधला भाग तिनं मागून घेतला होता, आणि तो शुक्रवारी द्यायचा असल्यानं तिला माझ्याशी जास्त बोलायला वेळ नव्हता.